टोपी कोणाची, कधीची?

जुन्या वस्तूंविषयी व्याख्यान झाले की सभा पांगत असताना दोन-चार मंडळी मागे रेंगाळतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. कोणाच्या रुमालात नाणी असतात, कोणाच्या पिशवीत मोडी कागद असतात. अशाच एका संध्याकाळी सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक आमच्यासमोर आले. वय सत्तरीच्या पुढे. जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेले एक बोचके त्यांनी टेबलावर ठेवले आणि गाठ सोडण्यापूर्वीच सांगून टाकले, "ही सत्तावन सालची टोपी. आमचे खापरपणजोबा तात्या टोप्यांच्या फौजेत होते. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी हिची पूजा होते. आता नातू विचारतो, 'आजोबा, ही सत्तावनची कशावरून?' तेव्हा म्हटले, आपल्याला एकदा दाखवावी."

बोचक्यातून फिकट खाकी रंगाची, लोकरी कापडाची, घुमटाच्या आकाराची एक टोपी निघाली. तिला पुढे चोच नव्हती, बिल्ला नव्हता, आत कोणाचे नाव नव्हते. एका बाजूला कापड विरले होते आणि तेथून आतल्या वेताच्या कामट्या दिसत होत्या. अशी टोपी पुढ्यात आली असता तिचा उलगडा कसा करावयाचा, कोणत्या खुणा पाहावयाच्या आणि कोणत्या खुणांवर विश्वास ठेवावयाचा नाही, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. गुरुजींच्या टोपीचे काय झाले तेही ओघाने येईल.

सर्वांत धाकटा भाग

कालनिर्णयाचा पहिला नियम साधा आहे. कोणतीही वस्तू तिच्या सर्वांत धाकट्या भागाहून जुनी मानता येत नाही. एखादा वाडा पेशवाईतला म्हणून दाखवतात आणि त्याच्या छपरावर मंगळुरी कौले असतात. मंगळूरला या कौलांचा कारखाना निघाला १८६५ साली. म्हणजे एक तर वाडा पेशवाईतला नाही, किंवा छप्पर तरी मागाहून घातलेले आहे. या दोहोंपैकी खरे काय, ते तुळया, खिट्ट्या आणि भिंतीचा माथा पाहून ठरवावे लागते. टोपीचेही असेच आहे. धाकटा भाग सापडला की लगेच प्रश्न विचारावा, हा मूळचा की दुरुस्तीचा? एखाद्या टोपीला दोन जन्मतारखा असतात, एक शिवल्याची आणि दुसरी डागडुजीची. त्यांची गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो.

आता हे धाकटे भाग कोणते, ते पाहू. शिवण प्रथम पाहावी. शिवणयंत्राचे हौ यांचे पेटंट १८४६चे आणि सिंगर यांचे १८५१चे. त्यामुळे मूळची शिवण यंत्राची असेल तर ती टोपी नेपोलियनच्या काळातली म्हणून कोणी विकू लागल्यास आपण हसून नमस्कार करावा. ॲल्युमिनिअम ही दुसरी खूण. १८८६ साली ते स्वस्तात काढण्याची रीत सापडेपर्यंत हा धातू दुर्मिळ होता. शिपायाच्या टोपीच्या कडीला तो कोण वापरणार? तिसरी खूण धाग्याची. नायलॉन १९३८ साली जगापुढे आले, पॉलिएस्टर त्याच्यानंतर. सुटलेल्या धाग्याचे टोक, टोपीपासून दूर नेऊन, काडीने पेटवले असता सुताला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि नायलॉन वितळून त्याचा मणी होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळशा कापडांत व साबणांत शुभ्रता आणणारी रसायने असतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली असा धागा निळसर चमकतो. तथापि येथेही सावध राहावे, कारण जुनी टोपी नव्या साबणाने कोणी धुतली असेल तर तीही चमकते.

गुरुजींच्या टोपीच्या अस्तराची शिवण यंत्राची होती. सत्तावन साली शिवणयंत्रे नुकतीच निघाली होती. तात्या टोप्यांच्या धावत्या फौजेत यंत्रावर शिवलेली टोपी असणे संभवत नाही. पण एवढ्यावर निकाल देता येत नव्हता, कारण अस्तर मागाहून बदलता येते. रंगावरूनही काही ठरत नव्हते. खाकी रंग तसा जुना आहे. 'खाक' म्हणजे धूळ, या शब्दावरून तो आला. पेशावरकडच्या 'गाइड्स' पलटणीने तो १८४० नंतरच्या दशकात वापरात आणला, आणि सत्तावनच्या उन्हाळ्यात गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट केले. म्हणून केवळ खाकी पाहून 'ही विसाव्या शतकातली' असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच 'ही सत्तावनची' म्हणणेही घाईचे.

आकार बोलतो

दुसरी पायरी आकाराची. लष्करी टोप्यांचे आकार सैन्याच्या लेखी हुकुमांनी बदलत असल्याने त्यांना निश्चित काळ असतो. ब्रिटिश पायदळाची उंच, नळकांड्यासारखी टोपी म्हणजे 'शाको'. तिचे नमुने १८४४, १८५५, १८६१, १८६९ असे बदलत गेले. दर खेपेस ती थोडी बुटकी झाली आणि १८७८ साली तिची जागा निळ्या कापडाच्या टोकदार शिरस्त्राणाने घेतली. सत्तावन साली आपल्या देशात लढणारे गोरे शिपाई पांढऱ्या खोळीची टोपी घालीत आणि तिच्या मागे मानेवर उन्हासाठी एक कापड सोडीत. सेनापती हॅवलॉक यांच्या नावावरून त्या कापडाला आजही 'हॅवलॉक' म्हणतात.

पुष्कळ घरांत सत्तावनची म्हणून जी टोपी दाखवतात ती सोला हॅट असते. पसरट काठाची, पुढे-मागे उतरती, 'वोल्झली' घडणीची ही टोपी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. त्यामुळे सत्तावनशी तिचा काही संबंध नाही. नावाविषयीही एक गैरसमज आहे. 'सोला' याचा इंग्रजीतील सूर्यवाचक शब्दाशी संबंध नाही. बंगालच्या पाणथळीत 'शोला' नावाची वनस्पती होते, तिच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याची ही टोपी करीत. आपल्याकडे लग्नाची बाशिंगे ज्या भेंडाची करतात तसलाच हा पदार्थ. विलायतेत केलेल्या टोप्या बहुधा बुचाच्या लाकडाच्या असत, हिंदुस्थानातल्या भेंडाच्या. काठ जेथे विरला असेल तेथे बारकाईने पाहिले तर हा भेद कळतो आणि टोपी कोठे केली याचा अंदाज बांधता येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोला हॅट ही काही फक्त सैनिकांची नव्हती. रेल्वेचे गार्ड, जंगल खात्याचे अधिकारी, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, सगळेच ती घालीत. बिल्ल्याचे भोक नाही, सरकारी शिक्का नाही, बाजूला पलटणीची खूण नाही, अशी सोला हॅट बहुतेक वेळा मुलकी निघते.

आकार आणि खुणा मिळून काळ किती नेमका सांगतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनांचे टोकाचे शिरस्त्राण, 'पिकेलहाउबे'. प्रशियाने ते १८४२ साली घेतले. प्रथम ते चांगलेच उंच होते, पुढे दशकागणिक बुटके होत गेले. माथ्यावर भाल्यासारखे टोक असेल तर सामान्यतः पायदळ; प्रशियाच्या तोफखान्याला टोकाऐवजी गोळा असे. समोरचा धातूचा गरुड प्रशियाचा, सिंह बव्हेरियाचे, तारा सॅक्सनीचा. बाजूला हनुवटीच्या पट्ट्यापाशी एक रंगीत चकती असते. १८९७ पूर्वी ती एकच, आपल्या राज्याच्या रंगांची असे. १८९७ साली सगळ्या साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती सर्वांना मिळाली, म्हणून दोन चकत्यांचे शिरस्त्राण त्या सालानंतरचे, किंवा त्या सालानंतर वापरात राहिलेले. १९१५ साली पितळेच्या जागी करड्या रंगाचा धातू आला आणि टोक काढता येण्याजोगे झाले. चामड्याचा तुटवडा पडल्यामुळे युद्धाच्या पहिल्या वर्षांत नमद्याची आणि पत्र्याचीही शिरस्त्राणे निघाली. १९१६ पासून पोलादी शिरस्त्राण आले आणि आघाडीवरून टोकाचे मागे पडले. पाहा, एकही अक्षर न वाचता आपण कितीतरी वर्षांची गाळणी लावली.

फ्रेंचांच्या 'केपी' टोपीचीही तीच गोष्ट. शिपायाच्या टोपीवर समोर पलटणीचा आकडा. अधिकाऱ्याच्या टोपीभोवती सोनेरी कशिद्याचे फेर, एक असेल तर सर्वांत धाकटा अधिकारी, दोन म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन. १९१४ साली फ्रेंच पायदळ लाल केपी आणि लाल विजार घालून युद्धात उतरले. पुढल्याच वर्षी क्षितिजासारखा फिकट निळा रंग आणि पोलादी शिरस्त्राण आले. त्या पहिल्या वर्षात किती माणसे गेली असतील तेव्हा हा बदल झाला, हेही ती लाल टोपी हातात घेतल्यावर मनात येते.

मुकुट, सिंह आणि आकडे

आमच्याकडे येणाऱ्या टोप्यांपैकी बहुसंख्य ब्रिटिश अमदानीतल्या असतात आणि त्यांच्या बिल्ल्यावर मुकुट असतो. मुकुट हे घड्याळ आहे, मात्र ते वाचता आले पाहिजे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या दिसतात. १९०१ साली राणी वारल्यावर एडवर्ड राजाने जो मुकुट घेतला त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल आहेत. हा गोल मुकुट १९५२ पर्यंत चालला. एलिझाबेथ राणी आल्यावर पुन्हा मधोमध खचलेला मुकुट आला. त्यामुळे १८९५ची आणि १९५५ची टोपी यांची गल्लत पुष्कळ जण करतात. आणि २०२२ साली चार्ल्स राजाने परत गोल मुकुट पसंत केला, म्हणजे आता कालपरवाचा बिल्ला शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्ल्यासारखा दिसू लागला आहे.

हिंदी सैन्यापुरते पाहिले तर हिशेब सोपा होतो. २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. तेव्हा हिंदी पलटणीच्या बिल्ल्यावर गोल मुकुट असेल तर तो साधारण १९०१ ते १९५० या अर्धशतकातला, सिंह असतील तर त्यानंतरचा.

ही अर्धशतकाची फट आकड्यांनी बारीक करता येते, आणि येथे आपल्या मराठा पलटणींचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी सगळ्या हिंदी सैन्याला एकच सलग क्रमांक दिले. मुंबई सैन्यातील जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. तिसरी पलटण १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, चौदावी ११४, सोळावी ११६ आणि सतरावी ११७. पुढे १९२२ साली या सहाही पलटणी एकत्र करून 'पाचवी महरट्टा लाइट इन्फन्ट्री' ही एक रेजिमेंट केली गेली आणि तीन आकडी क्रमांक मावळले. म्हणून एखाद्या बिल्ल्यावर, बटणावर किंवा पदकावर ११० किंवा ११४ असा आकडा आणि मराठ्यांचे नाव एकत्र दिसले, तर तो माणूस १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतला. याच रीतीने ब्रिटिश पायदळातील नुसते आकडे १८८१ पूर्वीचे ठरतात, कारण त्या साली पलटणींना आकड्यांऐवजी परगण्यांची नावे मिळाली.

आतली बाजू

बाहेरचा बिल्ला बदलणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, म्हणून टोपी उलटी करून आत पाहावे. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद टोकाच्या बाणाचा शिक्का असतो. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याच बाणाखाली रोमन 'आय' हे अक्षर असते. डोक्याचे माप ब्रिटिश टोपीत इंचांत, पावणेसात, सात, सव्वासात असे दिलेले असते. युरोप खंडातील टोप्यांत ते सेंटिमीटरमध्ये, ५६, ५७ असे असते. टोपी कोणत्या देशाची याविषयी शंका असेल तर एवढ्या एका आकड्याने अर्धे काम होते. कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी हळूच उलटून पाहावी. तिच्या मागे कारखान्याचा छाप, साल आणि कधी कधी शिपायाने पेन्सिलीने लिहिलेला स्वतःचा क्रमांक लपलेला असतो.

बिल्ल्यामागची भोकेही पाहावीत. बिल्ला जेथे पन्नास वर्षे बसला तेथले कापड बिल्ल्याच्याच आकारात गडद राहते, भोवतालचे उन्हाने फिके पडते. सावली चौकोनी आणि बिल्ला गोल असेल, किंवा बिल्ल्याला दोन कड्या आणि कापडाला चार भोके असतील, तर तो बिल्ला त्या टोपीचा नव्हे. जुन्या साच्यांवरून नवे बिल्ले पाडणारे आणि नव्या कापडाला चहाच्या पाण्यात बुडवून जुने करणारे लोक जगभर आहेत. त्यांची चूक बहुधा एकच असते. ते सगळी टोपी सारखी जुनी करतात. खरी टोपी सारखी झिजत नाही. हात लागतो तेथे चोच गुळगुळीत होते, कपाळाशी घामाचा डाग पडतो, हनुवटीचा पट्टा भोकापाशी चिरतो, आणि जेथे काही लागत नाही तेथला मूळ रंग घडीत तसाच राहतो.

गुरुजींची टोपी

एवढी सामग्री हाताशी घेऊन आता त्या बोचक्याकडे वळू. बिल्ला नाही, म्हणून मुकुटाचा उपयोग नाही. बाणाचा शिक्का नाही. इंचांचे माप नाही. भेंड नाही, बूच नाही. कापड अंगावर गुंडाळलेला वेताचा सांगाडा मात्र होता, आणि हीच सर्वांत बोलकी खूण होती. सत्तावनच्या कोणत्याही पक्षाच्या सैन्यात अशी टोपी नव्हती. ब्रिटिशांची ती नव्हती, आपल्याकडच्या संस्थानांचीही नव्हती.

वेताच्या सांगाड्यावर खाकी कापड गुंडाळून केलेली, चोच नसलेली टोपी पहिल्या महायुद्धात एका सैन्याची ओळख होती, ते म्हणजे तुर्की उस्मानी सैन्य. तिला 'कबालक' म्हणत. युद्धमंत्री अन्वर पाशा यांच्या नावावरून तिला 'अन्वरिये' असेही म्हणत. तुर्की शिपायाची जुनी टोपी म्हणजे लाल फेज. १९०९ साली त्या सैन्याने खाकी गणवेश घेतला आणि नंतरच्या थोड्याच वर्षांत फेजच्या जागी उन्हापासून बचाव करणारी ही टोपी आली. चोच का नाही, तर नमाजात कपाळ जमिनीला टेकवताना ती आड येते, असे सांगतात. साध्या शिपायाच्या कबालकवर बिल्ला बहुधा नसेच. म्हणजे आपल्या टोपीवर काही नव्हते हीदेखील एक खूणच ठरली.

आम्ही गुरुजींना इतकेच सांगितले, की ही टोपी १९०९ नंतरची आहे आणि तुर्की घडणीची आहे. त्यांचा चेहरा उतरला. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही शत्रूच्या टोपीला हळदकुंकू वाहिले म्हणायचे!" आम्हांला उत्तर सुचेना. खोटे बोलून त्यांचे समाधान करणे सोपे होते, पण ते ज्या नातवाच्या प्रश्नासाठी आले होते त्या नातवाचा तो अपमान झाला असता.

म्हणून आम्ही उलट प्रश्न केला. तुर्कस्तानची टोपी सातारा जिल्ह्यात आली कशी? घरात आणखी काही आहे का? टोपी एकटी असली की मुकी असते, सोबतच्या वस्तू तिला बोलती करतात. गुरुजी विचार करून म्हणाले, की आजीने एक रुप्याचे नाणेवजा काहीतरी मोडून खाल्ले असे ऐकले आहे. त्याच्या जोडीचे दुसरे देव्हाऱ्यात आहे, पंख असलेल्या देवीचे, टाकांबरोबर पुजतो.

पुढच्या खेपेस ते ती 'देवी' घेऊन आले. ते पहिल्या महायुद्धाचे विजयपदक होते. पंखांची स्त्री ही विजयदेवता. मोडले ते बहुधा त्याच युद्धाचे रुप्याचे पदक असावे, कारण ही दोन्ही पुष्कळदा जोडीने मिळत. या पदकांचा मोठा गुण असा, की मिळवणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही त्यांच्या कडेवर ठोकलेली असतात. पदक मऊ फडक्याने पुसून, दिव्याला तिरपे धरून आम्ही कड वाचली. क्रमांक, 'शिपाई', गुरुजींच्या आजोबांचे नाव, आणि शेवटी ११४ महरट्टा.

११४वी मराठा पलटण इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात लढली. १९१८च्या ऑक्टोबर महिन्यात तैग्रिस नदीकाठी शर्कात येथे जी लढाई झाली तिच्यात ही पलटण होती. ३० ऑक्टोबर रोजी तेथील तुर्की फौज शरण आली, हजारो सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि त्याच दिवशी तुर्कस्तानशी तहकुबीचा करार झाला. एखाद्या मराठा शिपायाच्या पिशवीत एक तुर्की टोपी येण्यास याहून योग्य जागा दुसरी नाही.

तीन खण

येथे थांबून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अशा तपासणीचा निकाल लिहिताना आम्ही नेहमी तीन खण करतो. पहिल्या खणात जे वस्तूवरून सिद्ध होते ते. गुरुजींच्या बाबतीत, टोपी तुर्की कबालक आहे, आणि त्यांचे आजोबा ११४व्या पलटणीत शिपाई होते, एवढे पहिल्या खणात. दुसऱ्या खणात जे बहुधा खरे आहे ते. टोपी आजोबांनी मेसोपोटेमियातून आणली, हे दुसऱ्या खणात. शर्कातचे नाव आम्ही घेतले खरे, पण तेही याच खणात बसते. तिसऱ्या खणात कुटुंबाची आठवण. खापरपणजोबा तात्या टोप्यांबरोबर होते, हे तिसऱ्या खणात. टोपी सत्तावनची नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. टोपीने त्याचा पुरावा दिला नाही, इतकेच. आठवण पुसून टाकू नये, पण तिला पहिल्या खणात बसू देऊ नये.

ही गल्लत कशी झाली असेल, हे समजण्यासारखे आहे. आजोबा गुरुजींच्या जन्मापूर्वीच वारले. परक्या सरकारच्या चाकरीतले युद्ध स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला सांगावेसे वाटले नसेल. घरात एक टोपी होती आणि एक अभिमानाची कथा होती. दोन्ही एकमेकांना चिकटल्या. पण त्यात एक माणूस नाहीसा झाला. वाळवंटातल्या उन्हात, घरापासून हजारो मैलांवर ज्याने तहान आणि ताप सोसला, त्याची आठवण त्याच्याच टोपीखाली गाडली गेली.

असे पुष्कळांचे झाले आहे. आपल्याकडच्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेली एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतकी कामास आली, एवढेच तिच्यावर असते; नावे नसतात. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकाचा विषय चाळीस हजारांहून अधिक मृत सैनिक. पण हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांचीच नावे त्या दगडावर कोरली गेली, साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या दिली गेली. ज्यांची नावे दगडावर नाहीत त्यांचा पत्ता पदकाच्या कडेवर, टोपीच्या पट्टीमागे, पेटीच्या तळाशी असतो. म्हणून टोपीचे साल नीट ठरवणे हा निव्वळ हौशी लोकांचा खेळ आहे असे आम्हांला वाटत नाही.

घरी काय करावे

आता वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी टोपी असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. टोपी धुऊ नका. डाग ही घाण नसून तो पुरावा असतो. बिल्ला चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. अक्षरे झिजतात ती कायमची. बिल्ला टोपीवरून काढून वेगळा जपू नका. दोन्ही वेगळी झाली की दोन्हींची किंमत आणि साक्ष जाते. मुलांच्या डोक्यावर घालून छायाचित्र काढण्याचा मोह आवरा, कारण पूर्वी कसर लागू नये म्हणून अशा वस्तूंवर सोमलासारखी विषारी द्रव्ये फवारीत. हाताळल्यावर हात धुवावेत. टोपीच्या आत स्वच्छ सुती कापडाचा बोळा ठेवून ती कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. बाहेरून, आतून, पट्टीमागून छायाचित्रे घ्यावीत. पलटणीचा पत्ता लागला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रासारख्या ठिकाणी चौकशी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या वडील माणसाला विचारून, त्यांच्याच शब्दांत, टोपीची हकीगत एका कागदावर लिहावी, खाली तारीख घालावी आणि तो कागद टोपीबरोबर ठेवावा. हकीगत चुकीची असली तरी लिहावी. चूक कागदावर असली म्हणजे दुरुस्त करता येते. तोंडी चूक पिढीगणिक वाढत जाते.

गुरुजींनी शेवटी विचारले, "मग खंडेनवमीला काय करू? टोपी बाहेर ठेवू का?" आम्ही म्हणालो, "का म्हणून? शस्त्रपूजेत आपण शस्त्र कोणी घडवले हे विचारत नाही, ते कोणी वाहून आणले हे विचारतो. टोपी तेथेच राहू द्या. फक्त नातवाला आजोबांचे नाव सांगा, आणि पलटणीचा आकडा सांगा."

त्यांनी बोचक्याला गाठ मारली, मग पुन्हा सोडली. आमच्याकडून कागदाचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर आजोबांचे नाव, '११४ मराठा' आणि त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि तो टोपीत ठेवून मगच गाठ बांधली.